आओरिता बेंगो, म्हणजे ‘येते हं’

पत्र

ताई, नमस्कार.

मी दक्षिण टेक्सासमध्ये, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या एका सरकारी विद्यापीठात नोकरी करते. मुलांना एखादं सत्र किंवा उन्हाळ्यातले काही आठवडे परदेशी शिकायला पाठवणारं आमचं कार्यालय आहे, तिथे मी सल्लागार. आमच्याकडची दहातली नऊ मुलं मेक्सिकन घरांतली. तीन वर्षं मी पोस्टरं लावतेय, पिझ्झा वाटतेय, माहितीसत्रं घेतेय. जाणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी. यंदा एका हुशार मुलीला गिल्मन शिष्यवृत्ती मिळाली, स्पेनमधल्या सहा आठवड्यांच्या कार्यक्रमासाठी. अर्ज मी तिच्याशेजारी बसून लिहून घेतला होता. निघायला तीन आठवडे राहिले असताना आली आणि म्हणाली, ‘मिस, मला नाही जाता येणार. आई नको म्हणते.’ मला इतका राग आला! मी बाविसाव्या वर्षी नगरहून दोन बॅगा घेऊन एकटी अमेरिकेत आले. हिला सहा आठवडे जमू नयेत? त्यात २०२४ पासून आमच्या राज्यातल्या नव्या कायद्यामुळे फक्त लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलांसाठी असं काही काढताही येत नाही. मी करू काय? आणि यांना ‘लॅटिनेक्स’ म्हणायचं की नाही, तेही एकदा सांगून टाका. कार्यालयात रोज वाद होतो.

मॅकॲलनजवळची एक सल्लागार

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रात मी त्या दोन बॅगांपाशीच थांबले. त्या भरल्या कोणी होत्या? माझ्या बॅगा आईने, मावशीने आणि शेजारच्या काकूंनी मिळून भरल्या होत्या. बॅग वजनकाट्यावर ठेव, उतरव, कुकर ठेवायचा की मेतकूट, यावर अर्धी रात्र वाद चालला होता. वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले होते. निघताना हातावर दही, देवापुढे नारळ, आणि सहार विमानतळावर दोन गाड्या भरून माणसं. विमानात मी एकटी बसले हे खरं, पण मला पाठवलं अख्ख्या घराने. तुमच्या-माझ्या घरांत मुलगी अमेरिकेला निघाली की पेढे वाटतात. म्हणून ‘मी आले, मग हिला काय झालं?’ हा प्रश्न मला थोडा लबाड वाटतो. रागावू नका. कॅलिफोर्नियात मी एकोणीस वर्षं तुमचंच काम केलं, आणि त्यातली पहिली चार-पाच वर्षं हाच प्रश्न तोऱ्यात विचारत होते.

एकदा तर एका मुलीच्या आईला मी फोनवर, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, सुनावलं की तुमची मुलगी अठरा वर्षांची झाली आहे, तिला कायद्याने तुमची परवानगी लागत नाही. बाई शांतपणे ‘ग्रासियास, मिस’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. ती मुलगी परत माझ्या कार्यालयाची पायरी चढली नाही. वर्षभराने तिच्या मैत्रिणीकडून कळलं ते असं: त्या बाईंना मेक्सिकोतल्या वाहाकाहून येऊन एकवीस वर्षं झाली होती. मधे त्यांची आई वारली, तेव्हा अंत्यविधी त्यांनी कोणीतरी समोर धरलेल्या फोनवर पाहिला होता.

त्या घरात ‘जाणं’ या शब्दाचा अर्थ काय असेल, याचा विचार मी तोवर कधी केलाच नव्हता.

एके काळी ही सीमा येण्या-जाण्याची होती. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो नावाची योजना होती. मेक्सिकोतून मजूर हंगामाला यायचे, कापूस आणि भाजीपाला काढायचे, आणि परत जायचे. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी माणसं हंगाम संपला की गावी परततात, तसंच. योजना बंद झाल्यावरही लोक कागदांशिवाय ये-जा करत राहिले. नव्वदच्या दशकात सीमा आवळली गेली आणि १९९६ साली एक कायदा आला: वर्षाहून जास्त काळ विनापरवाना राहिलेला माणूस अमेरिकेबाहेर पडला, तर त्याला दहा वर्षं परत यायला बंदी. त्या दिवसापासून अशा लाखो घरांत जाणं एकेरी झालं. जो इकडे आला तो गावच्या लग्नाला नाही गेला, बाराव्याला नाही गेला, आईला अग्नी... चुकले, मूठमाती द्यायलाही नाही गेला. आणि त्या घरातली एकोणीस वर्षांची पोर एका मंगळवारी येऊन सांगते, ‘मी सहा आठवड्यांसाठी चाललेय.’ पोरीच्या डोक्यात सहा आठवडे आहेत. आईच्या डोक्यात एकवीस वर्षं.

आता लगेच सगळ्या घरांना हा साचा लावू नका. तुमच्या रिओ ग्रान्दे नदीच्या खोऱ्यात अशीही घरं आहेत जी कुठूनच आली नाहीत. ही नदी सीमा ठरली त्या १८४८ च्या तहानंतर माणसं होती तिथेच राहिली आणि त्यांच्याभोवतीचा देश बदलला. काही घरांत आई शिक्षिका आहे, बाप काउंटीत नोकरीला आहे, पासपोर्ट कपाटात आहेत, आणि मुलगी जात नाही त्याचं कारण निव्वळ पैसा किंवा बॉयफ्रेंड. तुमच्या त्या मुलीचं घर कुठल्या प्रकारचं आहे हे पत्रावरून कळत नाही, आणि मला वाटतं, तुम्हालाही ते नक्की माहीत नाही. तिने ‘आई नको म्हणते’ एवढंच सांगितलं, आणि तुम्ही त्याचा अर्थ ‘आई मागासलेली आहे’ असा लावलात.

मेक्सिकन घरात दारातून बाहेर पडताना पोरं एक वाक्य म्हणतात: ‘आओरिता बेंगो.’ शब्दशः अर्थ ‘मी आत्ता येते’. तुम्ही-आम्ही उंबऱ्यावरून ‘जाते’ म्हटलं की आजी ओरडायची, ‘जाते म्हणू नये, येते म्हणावं.’ तेच हे. आणि लांबच्या प्रवासाला निघालं की आई कपाळावर क्रूस काढून आशीर्वाद देते, त्याला म्हणतात ला बेंदिसियोन. तो न घेता निघायचं म्हणजे दही न घेता निघण्यासारखं. तुमच्या कार्यालयाच्या माहितीपत्रकांवर काय छापलेलं असतं हो? ‘झेप घ्या’, ‘चौकटीबाहेर पडा’, ‘जग तुमची वाट पाहतंय’. सगळी ‘जाते’ची भाषा. परत येण्याबद्दल अक्षर नाही. माझं तुम्हाला सांगणं असेल तर एवढंच, की तुमच्या कामाचा केंद्रबिंदू परतीकडे सरकवा. ही मुलगी परत येणार आहे आणि आली तेव्हा आपलीच असणार आहे, याची खात्री त्या घराला पटली पाहिजे. तीही तोंडी नव्हे, कागदांनी, पैशांनी, माणसांनी.

माणसांपासून सुरुवात करते. माहितीसत्र मंगळवारी दुपारी तीन वाजता घेणं बंद करा. त्या वेळी बाप बांधकामावर असतो आणि आई कोणाच्या तरी घरी किंवा पॅकिंग शेडमध्ये. रविवारी चर्चमधली मिसा आटोपल्यावर घ्या, आणि आमंत्रण स्पॅनिशमध्ये, आई-वडिलांच्या नावाने जाऊ दे. पान दुल्से, म्हणजे त्यांचा गोड पाव, आणि कॉफी ठेवा, पिझ्झा नको. आणि बोलायला तुम्ही उभ्या राहू नका. जिची मुलगी जाऊन परत आली आहे अशी एक आई शोधा आणि माईक तिच्या हातात द्या. आमच्याकडे अशा एक बाई होत्या, होटेलात खोल्या साफ करायच्या. मुलगी चिलीला जाऊन आली होती. त्या उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, ‘मी पहिला आठवडा रोज रडले, नंतर तिने तिकडच्या बाईंशी माझी व्हिडिओ कॉलवर ओळख करून दिली, मग आम्ही दोघी मिळून तिच्याबद्दल तक्रारी करायला लागलो.’ माझ्या पन्नास स्लाइड्स एकीकडे आणि ते एक वाक्य एकीकडे.

त्या सभेत आया जे विचारतात ते तुमच्या माहितीपत्रकात कुठेच नसतं. घर कोणाचं? त्या घरात पुरुष कोण कोण? रात्री अकराला ती कुठून कशी परत येणार? ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार? फोन लागला नाही तर मी कोणाला फोन करू, आणि तो माणूस स्पॅनिश बोलतो का? (स्पेनच्या बाबतीत हा प्रश्न विनोदी वाटेल, पण त्या आईला इंग्रजी बोलणाऱ्या कार्यालयांचा एकवीस वर्षांचा अनुभव आहे.) यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एका पानावर, स्पॅनिशमध्ये, मोठ्या अक्षरांत छापा. फ्रिजवर चिकटवता येईल असं. त्यावर परतीच्या विमानाचा नंबर आणि तारीख सगळ्यात वर. मी हे सुरू केल्यावर एका घरी गेले तर ते पान ग्वादालुपेच्या मातेच्या तसबिरीखाली लावलेलं होतं.

आणखी एक धास्ती आहे, जी सभेत कोणी बोलत नाही. एल के दिरान. ‘लोक काय म्हणतील’, शब्दाला शब्द. मुलगी एकटी परदेशी गेली तर मावश्या काय बोलतील, हे तुम्हाला मी समजावून सांगायला नको, नगरला काय कमी मावश्या आहेत?

आता निरोपाची गोष्ट. तुमच्या भागाचा भूगोल तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक आहे, तरी लिहिते. खोऱ्यातून उत्तरेला जाणाऱ्या दोन्ही मोठ्या रस्त्यांवर, सीमेपासून शंभरेक किलोमीटर आत, बॉर्डर पॅट्रोलची, म्हणजे सीमेवरच्या गस्ती दलाची, नाकी आहेत. एक फॅलफुरियसला, दुसरं सरिता नावाच्या गावाजवळ. (नाव ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, कोण मराठी बाई इथे येऊन गाव वसवून गेली! ‘सरिता’ हे त्यांच्याकडे ‘सारा’चं लाडाचं नाव.) मॅकॲलनच्या विमानतळावरही सुरक्षा तपासणीच्या रांगेपाशी बॉर्डर पॅट्रोलचे लोक असतात. ज्या आई-बापांकडे कागद नाहीत, ते या नाक्यांच्या दक्षिणेला अडकलेले आहेत. मुलीचं विमान ह्यूस्टनहून किंवा सॅन अँटोनियोहून असेल तर ते तिला सोडायला जाऊच शकत नाहीत. आणि ‘पालकांनी विमानतळावर जरूर यावं’ असं आनंदी पत्र तुमच्या कार्यालयातून गेलं, की मुलीला घरी खोटं बोलावं लागतं किंवा तुमच्याशी. त्यामुळे निरोपाचा कार्यक्रम विद्यापीठातच ठेवा, निघायच्या आदल्या दिवशी. सगळी घरं येतील, बेंदिसियोन तिथेच होईल, फोटो निघतील. का ठेवलाय हे कोणाला सांगायची गरज नाही.

कागदांबद्दल एक सक्त सूचना: आई-वडिलांचे कागद आहेत का, हे मुलांना कधी विचारू नका, आणि कोणी आपणहून सांगितलं तर ते ईमेलमध्ये, फाइलमध्ये, कुठेही लिहू नका.

मुलीच्या स्वतःच्या पासपोर्टचा विषय मात्र पहिल्या भेटीतच काढा. पहिल्यांदा काढायचा असेल तर प्रौढांना १६५ डॉलर लागतात, आणि तुमच्याकडे आणखी एक जुनं दुखणं आहे. खोऱ्यात कैक मुलं घरी, सुईणीच्या हातून जन्मली. सुईणीला तिथे पार्तेरा म्हणतात. नव्वदच्या दशकात काही पार्तेरांना खोटे जन्मदाखले नोंदवल्याबद्दल शिक्षा झाल्या, आणि त्याचा ओरखडा खरोखर टेक्सासात जन्मलेल्यांवरही पडला. परराष्ट्र खातं अशा लोकांचे पासपोर्ट अर्ज अडवून जादा पुरावे मागू लागलं. २००८ साली खटला झाला, २००९ मध्ये तडजोड झाली, पण संशय पुरता संपला नाही. एखाद्या मुलाचा अर्ज रखडला तर ‘उशिरा केलास’ म्हणून त्याला झापू नका. बाप्तिस्म्याचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, आईच्या तपासणीचे कागद जमवायला लागतात, त्याला महिने जातात. म्हणून ऑक्टोबरात सुरुवात करा.

आता पैसा. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण ‘आई नको म्हणते’ या वाक्याच्या आड अर्ध्या वेळा पैसाच असतो. ‘परवडत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘आई नको म्हणते’ म्हणणं पोरींना सोपं जातं.

गिल्मन चांगली आहे, वादच नाही. अमेरिकन सरकारने २००० सालच्या कायद्याने ती सुरू केली, पेल ग्रँट हे सरकारी अनुदान मिळणाऱ्या, म्हणजे बेताच्या परिस्थितीतल्या, पदवीच्या नागरिक विद्यार्थ्यांसाठी. पाच हजार डॉलरपर्यंत मिळतात, काही निवडक भाषा शिकणाऱ्यांना वर आणखी तीन हजारांपर्यंत. वर्षातून दोन मुदती, साधारण ऑक्टोबर आणि मार्च. १९९२ पासून कायद्यात हेही स्पष्ट आहे की आपल्या विद्यापीठाने मान्य केलेल्या परदेशी अभ्यासक्रमाला पेल ग्रँट आणि सरकारी कर्ज वापरता येतं. त्या सत्राच्या खर्चाच्या हिशेबात विमानभाडं, विमा हेही वित्त कार्यालयाकडून धरून घेता येतं. २०१७ पासून उन्हाळ्यासाठी जादा पेलही मिळतो, वर्षाच्या रकमेच्या दीडपटीपर्यंत, फक्त मुलीने निदान अर्धवेळ, म्हणजे बहुधा सहा क्रेडिट, घेतलेली हवीत. तुमचा स्पेनचा कार्यक्रम तीनच क्रेडिटांचा असेल तर पुढच्या वर्षी तो सहाचा करण्यासाठी खात्याशी भांडा. पोस्टरांपेक्षा या भांडणाने जास्त मुलं जातील.

हे सगळं असूनही मुलगी का अडते? कारण पैसे आहेत, पण वेळेवर नाहीत. सरकारी मदत सत्र सुरू व्हायच्या दहा दिवस आधी हातात पडते, त्यापूर्वी नाही. विमानाचं तिकीट काढायचं असतं दोन-तीन महिने आधी. कार्यक्रमाची अनामत त्याहून आधी, आणि ती बहुधा परत मिळत नाही. मधलं अंतर तुमच्या-माझ्या घरात काकाच्या क्रेडिट कार्डाने भरून निघतं. तिच्या घरी काकाच तिच्याकडून पैसे उसने घेतो. त्यावर उपाय कार्यालयाने करायचा: तिकिटं गटाने विद्यापीठानेच काढायची आणि रक्कम मुलांच्या खात्यावर टाकायची, म्हणजे मदत आली की वळती होईल. पेल असलेल्यांची अनामत पुढे ढकलायची. हे नियमात बसतं का, हे विचारायला तुम्ही वित्त कार्यालयात आजवर किती वेळा गेला आहात?

आणि जो आकडा कुठल्याच पत्रकात नसतो तो हा. मुलगी किराणा दुकानात काउंटरवर आठवड्याला पंचवीस तास उभी राहते, तासाला अकरा डॉलर धरा. सहा आठवड्यांचे झाले १,६५० डॉलर. त्यातून घराचं वीजबिल जातं, धाकट्या भावाचे बूट येतात. शिष्यवृत्तीने स्पेनचा खर्च निघाला, घराचा कोणी काढला? शिवाय ती डॉक्टरकडे आईची दुभाषी आहे, धाकट्याला शाळेतून आणणारी आहे, घरमालकाचं पत्र वाचून दाखवणारी आहे. सहा आठवडे ती नसेल तर ते घर एका पायाने लंगडतं. तिच्याबरोबर बसून ही यादी करा, अगदी खरोखर कागदावर, आणि प्रत्येक कामासमोर कोणाचं तरी नाव लिहा: चुलत बहीण, शेजारीण, चर्चमधली कोणी. मी हा कागद आई आणि मुलगी दोघींना समोरासमोर बसवून करून घ्यायचे. निम्म्या वेळा आईच म्हणायची, ‘दवाखान्याचं मी बघेन गं, मला काय अगदीच येत नाही का इंग्रजी?’

कायद्याचं म्हणाल तर तो २०२३ साली मंजूर झालेला एसबी १७. सरकारी विद्यापीठांतली विविधता-समावेशाची कार्यालयं त्याने बंद झाली आणि वंशावरून वेगळी वागणूक देता येत नाही. पण वर लिहिलेलं यातलं काय वंशावर अवलंबून आहे? पेल मिळणारी मुलं, घरातली पहिली कॉलेजात आलेली मुलं, नोकरी करून शिकणारी मुलं, या सगळ्यांसाठी खुलं ठेवा. दहातली नऊ मुलं ज्या घरांतली आहेत तिथे सगळ्यांसाठी वाढलेलं ताट त्यांच्याच पुढ्यात जाणार. मजकूर एकदा विद्यापीठाच्या वकिलांना दाखवून घ्या, म्हणजे झोप लागेल.

ज्या मुलांकडे स्वतःचेच कागद नाहीत त्यांच्याबाबत तुम्ही काहीही सल्ला देऊ नये असं माझं ठाम मत आहे. लहानपणी कागदांशिवाय इथे आणलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं अभय देणारी २०१२ ची डाका योजना असलेल्यांना शिक्षणासाठी आगाऊ परवानगी घेऊन बाहेर जाता येत असे, माझ्या काळात काही मुलं मेक्सिकोत आजीला भेटून आलीही. पण त्या परवानगीने परत प्रवेश मिळेलच अशी हमी नसते, आणि आजच्या वातावरणात तर बोलायलाच नको. शिवाय त्या योजनेसाठी २००७ च्या जूनपासून इथे असणं लागतं, त्यामुळे आज पहिल्या वर्षाला आलेल्या पोरांत ती मिळालेलं कोणी जवळपास सापडणारच नाही. त्यांना स्थलांतर कायद्याच्या वकिलाकडे पाठवा. तुमच्या उत्साहात एखाद्याचा परतीचा रस्ता बंद झाला तर तो उघडायला तुम्ही पुऱ्या पडणार नाही.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, मी विचारते. स्पेनच का? तुम्ही तिला विचारलंत, की ‘स्पॅनिश येतं, मग स्पेन’ असं ठरवून टाकलंत? मी एका मुलाला महिनाभर कोस्टा रिकाची पत्रकं देत होते आणि त्याला जायचं होतं सोलला. तो घरी बसून कोरियन लिपी शिकलासुद्धा होता. याच्या उलटही होतं. एखादीला मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातोला, आजीच्या गावापासून तासाभरावर राहून शिकायचं असतं आणि प्राध्यापक म्हणतात, त्यात नवीन काय? अहो, ज्या आजीला तिने आयुष्यात फक्त फोनवर पाहिलंय तिला भेटणं हे पॅरिसच्या म्युझियमपेक्षा कमी कसं? फक्त तुमच्याकडे अडचण अशी की नदीपलीकडचा तामाउलिपास प्रांत परराष्ट्र खात्याच्या ‘जाऊ नका’ यादीत आहे, म्हणजे तिथल्या ज्या रेनोसा शहराला पोरं कधी दात काढायला आणि केस कापायला जायची, तिथे विद्यापीठ पाठवणार नाही. आणि आईचा जीव पासपोर्ट, परदेश या शब्दांनीच घाबरत असेल तर पोर्तो रिको आहे. देश अमेरिकाच, पासपोर्ट लागत नाही, भाषा स्पॅनिश, आणि घरापासून दूर राहून परत येण्याची रंगीत तालीमही होते.

स्पेनलाच जाणार असेल तर तिला आधी सावध करा. आपली वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारी पोर पुण्यात आली की पहिल्या महिन्यात तिचं काय होतं, ते आठवा. तिचं स्पॅनिश म्हणजे स्वयंपाकघरातलं, आजीचं, उत्तर मेक्सिकोचं, त्यात इंग्रजी मिसळलेलं. ती गाडीला ‘कार्रो’ म्हणणार, तिकडे ‘कोचे’. ती ‘कोंपुतादोरा’ म्हणणार, तिकडे ‘ऑर्देनादोर’. ‘तुम्ही लोक’ म्हणायला तिला ‘उस्तेदेस’ येतं, माद्रिदमधले मास्तर तिथे ‘बोसोत्रोस’ लिहून लाल शाई ओततात. ‘कोखेर’ या क्रियापदाचा तर वेगळाच तमाशा: स्पेनमध्ये लोक त्याने बस पकडतात, मेक्सिकोत तो शब्द चारचौघांत उच्चारत नाहीत. हे हसण्यावारी जातं. पण काही मुलींना घरातलं स्पॅनिशही धड येत नसतं. ‘मला माहीत नाही’साठी ‘नो से’ म्हणायचं तिथे ‘नो साबो’ म्हणतात आणि नातेवाइकांत त्यांची ‘नो साबो’ म्हणून चेष्टा होते. न्यू जर्सीतल्या एडिसनमधली आपली पोरं ‘मी केला’ म्हणतात आणि आजी हसते ना, तशी. त्या मुलीला वर्गात सोनेरी केसांच्या मैत्रिणीला ‘वा, किती छान बोलतेस!’ आणि तिला ‘तुला तर स्पॅनिश यायला हवं होतं’ असं ऐकावं लागतं. आणि रस्त्यावर तिला कोणी अमेरिकन समजत नाही. माझी एक विद्यार्थिनी माद्रिदमध्ये राहत होती. खालच्या मजल्यावरच्या आजींनी तिला जिन्यात थांबवून विचारलं, ‘तू कोणत्या घरी कामाला आहेस?’ तिने अमेरिकन असल्याचं सांगितलं तर पुढचा प्रश्न, ‘हो, पण खरी कुठली?’ ती मुलगी हे मला परत आल्यावर चार महिन्यांनी बोलली. आधी कोणी तिला सांगितलं असतं की असं होऊ शकतं, तर त्या रात्री फोन करायला तिला कोणीतरी सुचलं असतं. नि दे आकी, नि दे आया, अशी त्यांच्यात म्हण आहे: ना इथली, ना तिथली. ती म्हण टेक्सासात पाठ झालेली असते, माद्रिदमध्ये ती अंगावर येते.

परत आलेल्या मुलीला तुमच्या कार्यालयाने काय दिलंत? एक सर्वेक्षणाचा अर्ज? गिल्मनमध्ये परत आल्यावर एक उपक्रम करायचा असतो, आपल्या भागातल्या इतरांना या शिष्यवृत्तीबद्दल सांगण्याचा. तो कार्यालयात पोस्टर लावून उरकू देऊ नका. तिला तिच्या जुन्या हायस्कूलमध्ये पाठवा, आईसह. रविवारच्या सभेत माईक धरणारी पुढची आई तुम्हाला तिथेच मिळेल. २०००-०१ च्या सुमारास परदेशी शिकायला जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांत लॅटिनो पाचेक टक्के होते, २०१८-१९ पर्यंत ते अकराच्या आसपास आले. कॉलेजात मात्र दर पाचातलं एक मूल लॅटिनो आहे. जी काही वाढ माझ्या डोळ्यांदेखत झाली ती मोठ्या बहिणी जाऊन परत आल्या म्हणून झाली.

‘लॅटिनेक्स’चं थोडक्यात सांगते. २०२० साली जाहीर झालेल्या, प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत लॅटिनो प्रौढांपैकी तीन टक्के लोक हा शब्द स्वतःसाठी वापरत होते, २०२४ मध्ये चार टक्के. ज्या मुलामुलींना ‘लॅटिनो-लॅटिना’, म्हणजे पुरुष-स्त्री, या दोन डब्यांत बसायचं नाही त्यांना तो जवळचा आहे, त्यांच्यासाठी जरूर वापरा. काहींना ‘लॅटिने’ आवडतं, ते स्पॅनिश जिभेवर बसतं तरी. तुमच्या खोऱ्यात बहुतेक जण स्वतःला मेक्सिकन, मेक्सिकन-अमेरिकन किंवा तेहानो, म्हणजे टेक्सासचे मेक्सिकन, म्हणतील. समोरचा स्वतःला जे म्हणतो ते आपण म्हणावं. आणि घरी जाणाऱ्या पत्रात यातलं काहीच नको, ‘एस्तिमादा फामिलिया’, म्हणजे ‘आदरणीय कुटुंबीयांस’, एवढं पुरे.

राहिली तुमची ती मुलगी. तिला तुम्ही त्या दिवशी काय बोललात, हे पत्रात लिहिलेलं नाही, त्यावरून मी काय ते समजले. उद्या तिला एक ओळ पाठवा, की राग नाही, जागा आहे. नाव मागे घेतलेल्यांना पुन्हा अर्ज करता येतो का, हे गिल्मनवाल्यांना तुम्ही स्वतः विचारून ठेवा, तिच्यावर सोडू नका. ऑगस्टमध्ये तिला आईसह बोलवा. आई येणार नसेल तर घरी येऊ का, असं विचारा, आणि बोलावलंच तर रिकाम्या हाताने जाऊ नका. तुम्ही एकट्या इतक्या लांब कशा आलात, तुमच्या आईने कसं पाठवलं, हे ती बाई विचारणारच. तेव्हा बॅगा कोणी भरल्या ते सांगा. आई दर वर्षी कितीदा विचारते, ‘कधी येतेस?’, तेही सांगा.

आणि स्पॅनिश कितीही मोडकं असलं तरी त्यांच्याशी ‘तू’ने बोलू नका. त्यांच्या भाषेतही आपल्यासारखं अहो-जाहो आहे, ‘उस्तेद’. तुमच्या वर्गमैत्रिणींबरोबर शिकलेलं ‘तू’ तोंडात पटकन येईल, म्हणून दारावरची बेल वाजवायच्या आधी दोनदा घोकून घ्या.